गोदामाचं घर करताना काय बदललं, ते आधी विचारा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. शहराच्या जुन्या वस्तीत शंभरावर वर्षं झालेली एक पाच मजली इमारत आहे, मुळातली गोदामाची. विटांच्या जाड भिंती, आत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब, खांबांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर फळ्यांची जमीन. काही वर्षांपूर्वी तिचे लॉफ्ट फ्लॅट झाले, म्हणजे उंच, मोकळ्या मजल्यांतच घरं केली गेली. सगळ्यात वरच्या मजल्यावरचा एक तुम्हाला आवडलाय: साडेचार मीटर उंची, उघड्या विटांची भिंत, लोखंडी चौकटींच्या मोठ्या खिडक्या. आत झोपण्यापुरता पोटमाळा घालायचा तुमचा विचार आहे. विकणारा म्हणतो, ‘शंभर वर्षं उभी आहे, अजून शंभर राहील.’ घरचे म्हणतात, ‘जुन्या इमारतीत पैसे अडकवू नका.’ या दोघांत खरं कोणाचं, असा तुमचा प्रश्न.

दोघंही वयाबद्दल बोलताहेत, आणि वयावरून फारसं काही ठरत नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि नव्या वापरासाठी त्यांची फेररचना हेच माझं रोजचं काम. गोदाम म्हणून धडधाकट राहिलेली इमारत घरं झाल्यावर थोड्याच वर्षांत कुरकुरायला लागते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. कारण साधं आहे. ती टिकली ती एका ठरावीक वापरात. गोदामात स्वयंपाक होत नव्हता, कपडे धुतले जात नव्हते, न्हाणीघर नव्हतं. वारा खेळता होता, कुठे ओल आली तरी वाळून जात होती. घरं झाल्यावर प्रत्येक मजल्यावर पाणी आलं, वाफ आली, खिडक्या घट्ट बंद झाल्या, आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी झाली. तेव्हा ‘इमारत किती जुनी’ हे विचारण्यापेक्षा रूपांतर करताना काय बदललं, कोणी बदललं आणि त्याचे नकाशे, हिशेब, परवाने कुठे आहेत, हे विचारा. तुम्ही विकत घेताय तो फ्लॅट दिसायला चार भिंतींचा असला तरी प्रत्यक्षात तो त्या रूपांतरातला एक हिस्सा आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. हवामान कोरडं की दमट, थंडी कडक की सौम्य, इमारत वारसा यादीत आहे की नाही, मालकी सामायिक संस्थेकडे आहे की एका मालकाकडे, इमारत भूकंपप्रवण भागात आहे का: यांतल्या प्रत्येकाने उत्तर थोडं सरकतं. भूकंपप्रवण भागात असाल तर खाली लिहिलेल्या सगळ्याच्या आधी विटांच्या भिंती आणि मजले एकमेकांना नीट बांधलेले आहेत का, याचा वेगळा अहवाल लागेल. तो नसेल तर बाकीच्या चर्चेत शिरूच नका.

सुरुवात कागदांपासून करा, कारण ते तपासायला सगळ्यात कमी खर्च येतो. लॉफ्टमध्ये राहण्याची पद्धत रुजली तीच मुळी परवानगीशिवाय. न्यूयॉर्कच्या सोहो भागात बिडाच्या दर्शनी भागांच्या कारखाना-गोदामांतून उद्योग निघून गेले आणि १९६० च्या दशकात रिकाम्या मजल्यांवर चित्रकार-शिल्पकार राहू लागले. जागा मोठी, उजेड भरपूर, भाडं कमी. पण त्या इमारतींत राहायला कायद्याने मुभा नव्हती. कलाकारांना तिथे राहण्याची परवानगी १९७१ मध्ये मिळाली, १९७३ मध्ये तो भाग वारसा परिसर म्हणून जाहीर झाला, आणि भाडेकरूंना संरक्षण देऊन मालकांवर इमारती राहण्याच्या निकषांत आणण्याचं बंधन घालणारा लॉफ्ट कायदा १९८२ मध्ये आला. मधल्या काळात माणसं अशा जागांत राहिली जिथे सुटकेचा दुसरा जिना असेलच असं नव्हतं. हा जुना इतिहास सांगायचं कारण असं की आजही काही ‘लॉफ्ट’ कागदावर स्टुडिओ, कचेरी किंवा गोदामच असतात. तुमच्या मजल्याला निवासी वापराचा दाखला आहे का, आणि तो प्रत्यक्ष केलेल्या बांधकामाशी जुळतो का, हे वकिलाकडून नव्हे तर नकाशा हातात घेऊन वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. वकील दाखला आहे का ते पाहील. दाखल्यात दाखवलेला जिना जागेवर आहे का, ते पाहायला वास्तुविशारदच लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, रूपांतर कोणत्या जातीचं आहे ते समजून घ्या. एका प्रकारात जुना सांगाडाच काम करतो: तेच खांब, त्याच तुळया, फक्त आत भिंती, नळ आणि विजेच्या तारा नव्या. दुसऱ्या प्रकारात फक्त बाहेरचं कवच जुनं राहतं. व्हिएन्नातल्या चार गॅसच्या टाक्या घ्या. १८९६ ते १८९९ दरम्यान बांधलेल्या त्या टाक्यांची विटांची गोल कवचं ठेवून २००१ पर्यंत आत पूर्णपणे नवी बांधकामं उभी राहिली, त्यांत शेकडो घरं आहेत. तिथे मजल्यांची ताकद हा नव्या इमारतीचा प्रश्न आहे. तुमच्या वर्णनावरून तुमची इमारत पहिल्या जातीची वाटते, म्हणून पुढचं सगळं ते धरून लिहिते.

ताकदीबद्दल लोकांना जी भीती असते ती बहुतेक वेळा चुकीच्या जागी असते. घराच्या जमिनीवर हिशेबात धरायचं वजन साधारण दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो असतं. मालाच्या गोदामाची जमीन याच्या कित्येक पट वजनासाठी घडवलेली असते. म्हणून जमीन माणसांच्या आणि कपाटांच्या वजनाने खचेल ही काळजी सहसा करावी लागत नाही. अपवाद दोन: रूपांतराच्या वेळी आवाज अडवायला कुणी जमिनीवर जाड काँक्रीट ओतलं असेल तर, आणि नळ-सांडपाण्याचे पाइप न्यायला तुळयांना खाचा पाडल्या असतील तर. तुळईला मध्यावर, खालच्या बाजूने पाडलेली खाच फार वाईट. तिथेच लाकूड सर्वांत जास्त ताणलेलं असतं.

बिडाच्या खांबांबद्दल थोडं सांगते. इंग्लंडमध्ये श्रूजबरीजवळच्या डिदरिंग्टन इथल्या अळशीच्या धाग्याच्या (लिननच्या) गिरणीत १७९७ मध्ये पहिल्यांदा पूर्ण लोखंडी सांगाडा उभारला गेला. लाकडी मजल्यांच्या गिरण्या आगीत भस्मसात होत होत्या, त्यावर चार्ल्स बेज यांनी काढलेला तो उपाय होता. ती इमारत आजही उभी आहे, दुरुस्त होऊन वापरातही आली आहे. बीड दाब उत्तम सोसतं, ताण मात्र नाही. वाकवलं की वाकत नाही, तडकतं. त्यामुळे सरळ उभ्या खांबात ते शतकभर सुखाने राहतं, पण कुणी त्याला बाजूने नवी तुळई जोडली, भोकं पाडली किंवा वेल्डिंग केलं तर धोका तयार होतो. पोकळ खांबांच्या बाबतीत आणखी एक आहे. ओतताना आतला गाभा सरकल्यामुळे खांबाची जाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असू शकते. बाहेरून ते कळत नाही, अल्ट्रासॉनिक मोजणी लागते. रूपांतराच्या फाइलमध्ये अशी मोजणी सापडली तर समजा काम जाणकाराने केलंय.

आता जिथे मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ घालवते, तिथे येऊ: तुळईचं भिंतीत गेलेलं टोक.

लाकडी तुळई खोलीत जेवढी दिसते तेवढी प्रायः चांगलीच असते. कोरड्या हवेतलं जुनं लाकूड नासत नाही. पण तिचं टोक वीत-दीड वीत विटांच्या भिंतीत शिरलेलं असतं, आणि त्या खोबणीत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. बाहेरून पाऊस भिंतीत मुरतो. पूर्वी तो चुन्याच्या सांध्यांतून परत वाळून जायचा. मग कधीतरी कुणी ते सांधे खरवडून सिमेंटने भरले, ओल आत अडकली. रूपांतरात आतून उष्णतारोधक थर लावला तर भिंत आणखी थंड झाली, कारण घरातली ऊब तिच्यापर्यंत पोचेना. आणि घरातली वाफ मात्र तुळईच्या कडेच्या फटीतून त्या थंड खोबणीत जाऊन पाणी होते. तीन दिशांनी पाणी आणि बाहेर जायला वाट नाही. लाकडातला ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला हवी ती परिस्थिती तयार होते. जमिनीवर कार्पेट, छताला जिप्सम, भिंतीला सुंदर विटा. टोक मात्र आत कुजतंय.

पाहणीला गेले की मी आधी आत जात नाही, इमारतीभोवती फिरते. पावसाच्या पाण्याचे उभे पाइप कुठून उतरतात, पन्हळ कुठे फुटलीय, कोणत्या पट्ट्यात विटा काळपट-हिरव्या झाल्यात, याची खूण नकाशावर करते. मग आत जाऊन त्या खुणांच्या मागे येणारी तुळयांची टोकं आधी तपासते. हातोडीच्या दांड्याने ठोकत भिंतीकडे सरकायचं. मध्यावर आवाज खणखणीत असतो. भिंतीजवळ येता येता तो बद्द झाला तर थांबायचं. टोच्या लावून पाहायचा: चांगल्या लाकडात तो जेमतेम रुततो, कुजक्या लाकडात लोण्यात गेल्यासारखा जातो. शंका राहिली तर बारीक ड्रिलने तिरपं भोक घेऊन खोबणीतल्या लाकडापर्यंत जायचं आणि बाहेर येणारा भुसा तळहातावर घ्यायचा. फिकट, लांबट, कुरळा भुसा आला तर टोक शाबूत. तपकिरी पूड आली आणि ड्रिलला एकदम अडथळा लागेनासा झाला, तर आत पोकळ आहे. त्याच भोकात ओलावा मोजायचा.

हे विकणाऱ्याला आवडत नाही, कारण कधीकधी जिप्समचं छत हातभर उघडावं लागतं. आग्रह धरा. परत बंद करायचा खर्च तुम्ही द्या, हवं तर. तुमच्या बाबतीत हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तुम्ही सगळ्यात वर आहात. अशा इमारतींत छताच्या कडेला कठड्यामागे लपलेली पन्हळ असते. ती पानांनी तुंबली की पाणी बाहेर न सांडता आत, नेमकं तुमच्या छताच्या तुळयांच्या टोकांवर उतरतं. धो-धो पावसात एकदा जाऊन ती पन्हळ पाहा, आणि ती साफ करायची जबाबदारी कोणाची, वर्षातून कितीदा करतात, ते विचारा. उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर ती साफ होत नाही असं समजायला हरकत नाही.

टोक कुजलेलं निघालं म्हणजे व्यवहार मोडला असं मात्र नाही. अख्खी तुळई बदलावी लागत नाही. कुजका भाग कापून तिथे नवं लाकूड किंवा पोलादी पट्ट्या जोडतात, नाहीतर टोकाला पोलादी बूट देऊन भिंतीवर नवा आधार करतात, आणि भोवती हवा खेळेल एवढी जागा सोडतात. हे नेहमीचं काम आहे. फक्त आधी पाणी थांबवायचं, मग लाकूड. उलट केलं तर तीच दुरुस्ती पुन्हा करावी लागते. एका टोकाशी बुरशी सापडली तर शेजारची टोकंही तपासायची, कारण काही बुरश्या विटकामावरून आपले धागे पसरवत पुढच्या लाकडापर्यंत पोचतात.

उघड्या विटांच्या भिंतीवर तुमचा जीव जडलाय, हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. माझाही जडतो. पण ती भिंत उघडी कशी केली ते विचारा. गोदामांच्या आतल्या भिंतींवर पूर्वी सहसा चुन्याची सफेदी असायची, काही ठिकाणी गिलावाही. तो काढायला वाळूचा मारा केला असेल तर विटेची भट्टीत पक्की झालेली कातडी गेली असणार. अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस जुन्या विटांवर असा मारा करू नका, हे १९७० च्या दशकापासून सांगत आली आहे. तळहात भिंतीवरून फिरवा. लाल पूड हाताला लागली, विटांच्या कडा गोल झालेल्या दिसल्या, तर मारा झालेला आहे. मग बहुधा पूड बसवायला वरून पारदर्शक रसायन फासलेलं असतं, आणि तेच ओल आत कोंडतं. काही वर्षांनी विटांच्या खपल्या निघायला लागतात, पांढरा लोणा फुटतो. सांधेही बघा. चाव्यांच्या जुडग्यातल्या किल्लीने एका कोपऱ्यात हळूच ओरखडा काढा. चुना मऊ आणि मळकट पांढरा असतो, किल्लीने भुरभुरतो. सिमेंट करडं आणि कडक, ओरखडाच उमटत नाही. जुन्या, मऊ विटांमध्ये सांधा हा विटेपेक्षा कमकुवत असायला हवा, म्हणजे हालचाल आणि ओल सांध्यात निभावते आणि झीज सांध्याची होते. सांधा विटेपेक्षा कडक झाला की झीज विटेची होते. सांधा परत भरता येतो, त्याच जुन्या भाजणीची वीट परत कुठून आणणार?

थंडी-उन्हाचा हिशेब हवामानावर ठरेल. भरीव विटांच्या भिंतीतून जाणारी उष्णता आजच्या चांगल्या भिंतीच्या कित्येक पट असते. त्यात एकेरी काचेच्या मोठ्या खिडक्या, आणि उंच खोलीत गरम हवा वर जाऊन बसते. थंड प्रदेशात हीटर चालू असूनही पाय गार राहतात. उष्ण प्रदेशात छताखालचा तुमचा पोटमाळा घरातली सर्वांत तापलेली जागा होईल. छताला वरून उष्णतारोधक थर आहे का, एवढं पाहिलं तरी अर्धं उत्तर मिळतं. लोखंडी खिडक्या बदलू नका, इमारत वारसा यादीत असेल तर नियम बदलू देणारही नाहीत. आतून दुसरी काच बसवणं हा मार्ग चांगला. दोन काचांत दहा सेंटिमीटर किंवा जास्त अंतर ठेवलं तर रस्त्याचा आवाजही बराच तुटतो.

आवाजाचं थोडक्यात: लाकडी मजल्याच्या इमारतीत वरच्यांच्या पावलांचा ठोका हा नेहमीचा त्रास असतो. तुमच्या वर कुणी नाही, पण तुमच्या खाली कुणीतरी आहे. संध्याकाळी, शेजारी घरी असताना, अर्धा तास शांत बसून या. दुपारी रिकाम्या इमारतीत ऐकलेली शांतता खरी नव्हे.

आगीबद्दल एक गैरसमज काढून टाकते. जाड तुळई ही आगीत सर्वांत कमकुवत गोष्ट नाही. लाकूड साधारण मिनिटाला पाऊण मिलिमीटर या गतीने जळतं आणि कोळशाचा थर आतल्या लाकडाला सांभाळतो, म्हणजे अर्ध्या तासात उघड्या बाजूकडून दोन-अडीच सेंटिमीटर जातं. तीस सेंटिमीटरच्या तुळईला ते झेपतं. उघडं पोलाद मात्र साडेपाचशे अंश सेल्सियसच्या आसपास निम्मी ताकद गमावून बसतं, आणि तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं की ते तडकू शकतं. खरा दुबळा भाग फळ्यांचा आहे. त्या पातळ असतात, त्यांच्यात फटी असतात आणि धूर त्या फटींतून वर येतो. ‘दोन मजल्यांमध्ये आग आणि धूर अडवणारा कोणता थर घातलाय आणि तो किती वेळ टिकेल अशी चाचणी आहे?’ हा प्रश्न लेखी विचारा. खालच्या फ्लॅटचं छत आणि तुमची जमीन एकच फळी असेल, खालून ती छान दिसावी म्हणून उघडी सोडली असेल, तर मी तो फ्लॅट घेणार नाही.

फार कमी लोक विचारतात असा एक प्रश्न: गोदामाआधी किंवा नंतर तिथे आणखी काय चालत होतं? न्यू जर्सीतल्या होबोकेन इथे पाऱ्याच्या वाफेचे दिवे बनवणाऱ्या जुन्या कारखान्याचं १९९० च्या दशकात कलाकारांच्या घरांत रूपांतर झालं. नंतर जमिनीच्या फळ्यांखाली पारा सापडला, १९९६ मध्ये रहिवाशांना घरं सोडावी लागली आणि पुढे इमारतच पाडली गेली. हे टोकाचं उदाहरण आहे. पण तेल मुरलेल्या फळ्या, शिशाचा रंग, जुन्या पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉसचं वेष्टण हे टोकाचं नाही, ते जुन्या औद्योगिक इमारतींत नेहमी आढळतं. लहान मुलं असतील तर शिशाच्या रंगाची चाचणी आधी. जुने नकाशे, उद्योगांच्या निर्देशिका, जुने परवाने पालिकेत किंवा अभिलेखागारात सापडतात. विकासकाने हा शोध घेतला असेल तर अहवाल असेल. नसेल तर तुम्हीच घ्या.

इथवरचं एकत्र धरून क्रम सांगते: निवासी दाखला आणि मंजूर नकाशे, इमारतीचा पूर्वीचा वापर, मजल्यांमधला आग अडवणारा थर, मग छताची पन्हळ आणि तुळयांची टोकं, त्यानंतर विटा, खिडक्या, आवाज. पहिल्या तिघांपैकी एकाचंही उत्तर मिळत नसेल तर मागे फिरा, कितीही सवलत दिली तरी. पुढच्या गोष्टींत दोष निघाले तर तो दुरुस्तीच्या खर्चाचा आणि किमतीच्या घासाघिशीचा विषय आहे. शिवाय सामायिक निधीत किती शिल्लक आहे आणि छत, भिंती, जिना यांच्या पुढच्या दहा वर्षांच्या दुरुस्तीचा आराखडा आहे का, ते पाहा. जुन्या इमारतीत सगळ्यात महाग कामं सगळ्यांची मिळून असतात, आणि एक घर नाही म्हणालं तरी परांची बांधायचं काम अडतं.

घरच्यांना सांगा की त्यांची धास्ती खरी आहे, पण ती ‘जुनं’ या शब्दाला चिकटवू नका. नीट रूपांतरित केलेलं गोदाम हे सुंदर आणि मजबूत घर असतं. त्या उंचीतला उजेड नव्या इमारतीत मिळत नाही.

आता पोटमाळा. साडेचार मीटर उंची कुठून मोजलीय ते आधी पाहा. जाहिरातीत ती बहुतेक फळ्यांपर्यंतची असते. तुळया फळ्यांखाली तीस सेंटिमीटर उतरत असतील तर तुळईखाली उरले ४.२ मीटर. खाली उभं राहायला किमान २.१ मीटर सोडा, पोटमाळ्याची जाडी २० सेंटिमीटर धरा. वर तुळईखाली १.९ मीटर उरतात. म्हणजे वर झोपता येईल, बसता येईल, पण तुळईखालून जाताना उंच माणसाला मान झुकवावी लागेल. पलंग तुळईखाली आणि चालायची वाट दोन तुळयांच्या मध्ये, अशी मांडणी केली तर हा अडसर बराच निवळतो. क्षेत्रफळावरही बंधन असतं. अनेक देशांच्या नियमांत पोटमाळा खालच्या खोलीच्या एक तृतीयांश किंवा निम्म्या क्षेत्रापर्यंतच चालतो, त्याहून मोठा झाला की तो वेगळा मजला ठरतो आणि सगळे नियम बदलतात.

तो छताच्या तुळयांना टांगू नका. त्या छताचं वजन पेलायला केलेल्या आहेत, माणसांचं नाही. बिडाच्या खांबांना जोडू नका, भिंतीत नव्या खोबणी पाडू नका. स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, बारीक पोलादी खांबांचा पोटमाळा करा. त्याचे पाय फळ्यांच्या मध्यावर न येता खालच्या मुख्य तुळईच्या बरोबर वर येतील असे बसवा, आणि सगळे जोड बोल्टचे ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या वारसा-तज्ज्ञांनी १९७९ मध्ये बुरा या गावी स्वीकारलेल्या ‘बुरा सनदे’चा, म्हणजे वारसा जतनाच्या तत्त्वांचा, गाभाच हा आहे की गरजेपुरतं सगळं करा, बाकी जितकं कमी बदलता येईल तितकं कमी बदला. बोल्टचा पोटमाळा उद्या कुणाला काढायचा झाला तर इमारतीवर ओरखडा राहत नाही. सोहोमधली १८७० ची एक बिडाची इमारत शिल्पकार डोनाल्ड जड यांनी १९६८ मध्ये घेतली आणि प्रत्येक मजला मोकळाच ठेवून त्याला एकेक काम नेमून दिलं. तुम्हाला एकाच मजल्यात सगळं बसवायचंय, तरी त्यातलं एक घेण्यासारखं आहे: आधी काही महिने मोकळ्या जागेत राहा, ऊन कुठून येतं आणि गारठा कुठे साठतो ते कळू द्या, मग पोटमाळ्याची जागा ठरवा.

आणि स्वयंपाकघर पोटमाळ्याखाली नको. आग लागली तर धूर आधी वर जातो, तुम्ही झोपलेले असता तिथे, आणि उतरायचा जिना त्याच धुरातून जातो. ओटा मुख्य दारापासून आणि जिन्याच्या पायापासून दूर ठेवा, वर आणि खाली एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म लावा, आणि इमारतीत पाण्याच्या फवाऱ्यांची यंत्रणा असेल तर तिचा एक फाटा पोटमाळ्याखालीही न्या, कारण छतावरचा फवारा पोटमाळ्याच्या आडोशाला पोचत नाही.

पाहणीसाठी इंजिनिअर नेमाल तेव्हा त्यांना विकासकाने सुचवलेलं नसावं, आणि जुन्या लाकूड-विटकामाचं काम त्यांनी केलेलं असावं. अहवाल हाती आला की आधी एकच गोष्ट शोधा: प्रत्येक तुळईच्या प्रत्येक टोकाचा ओलावा वेगवेगळा नोंदवलाय का. त्या जागी ‘एकंदर स्थिती समाधानकारक’ एवढंच लिहिलं असेल, तर अहवाल परत पाठवा आणि टोकं उघडून पुन्हा मोजायला सांगा.